'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत केमला गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सोलापूर–दौंड रेल्वेमार्गावर कुर्डुवाडी आणि जेऊरच्या मध्ये लागतं ते आमचं गाव, तालुका करमाळा. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू, या दोन गोष्टींमुळे लोक ओळखतात. दुपारची जेवणं उरकली आणि चुलत बहीण हातात एक फॉर्म घेऊन आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"ताई, तुझ्याकडं एखादा तयार फील्ड प्रोजेक्ट असंल की. दे ना. नाव बदलून लिहिते."

माझी पीएच.डी. शिक्षणशास्त्रात चालू आहे, आणि विषय आहे महाविद्यालयांतलं वर्गाबाहेरचं शिक्षण. म्हणजे चोरीचा माल मागायला पोरगी थेट फौजदाराच्या घरी आली होती.

फॉर्म वाचला. प्रकल्पाचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, भेट दिलेल्या संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र, गोल शिक्का, आणि किमान चार जिओटॅग फोटो. काय पाहिलं, कुणाशी बोललात, काय समजलं नाही, यासाठी रकाना नव्हता. विद्यार्थी अमुक अक्षांश-रेखांशावर उभा होता एवढं सिद्ध झालं की काम झालं.

मागच्या दोन लेखांत मी आउटडोअर एज्युकेशनवरचं परदेशी संशोधन समजावून सांगितलं, तेव्हा काहींनी विचारलं होतं, "हे सगळं ठीक, पण आपल्याकडे याचं काय करायचं?" आजचा लेख त्याबद्दल आहे. टीकेचा आहे, आणि टीका दोन्हीकडे आहे: आपल्या फॉर्मवर, आणि ज्या सिद्धान्ताचा आधार घेऊन असे फॉर्म निघतात त्या सिद्धान्तावरही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणशास्त्राचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम लावला. त्याचं पुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. पेशाने शल्यचिकित्सक आणि जीव रमलेला जंगलात, असा हा माणूस. पन्नास तासांच्या त्या अभ्यासक्रमात शेवटचा घटक प्रत्यक्ष बाहेर जाण्याचा होता: जवळची नदी, टेकडी, गवताळ माळ पाहा आणि नोंदवा, एखादी प्रदूषित जागा पाहा, आसपासच्या वनस्पती, कीटक, पक्षी ओळखा. तास पाच आणि गुण २५. म्हणजे वेळेत दहावा हिस्सा आणि गुणांत चौथा. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या मनात काय होतं ते या आकड्यांतूनच दिसतं. बाहेर जाणं त्यांना मनापासून हवं होतं.

माझा प्रकल्प होता 'ध्वनिप्रदूषण : एक अभ्यास'. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. निळ्या शाईचा हवा असेल तर दहा रुपये जास्त. ध्वनी मोजायचं यंत्र मी आजतागायत हातात धरलेलं नाही. २५ पैकी २२ मिळाले. माझ्या मैत्रिणीला आम्लवर्षावाबद्दल २३ मिळाले. करमाळा तालुक्यात मुळात पाऊसच कधी पडतो याची वाट बघणारे आम्ही, त्यात आम्लवर्षाव!

हसण्यासारखं आहे, पण तेवढंच नाही. त्याच वर्षी आमच्या विहिरीनं फेब्रुवारीतच तळ गाठला होता. वडील रोज सकाळी दोरीला दगड बांधून पाणी मोजायचे आणि कॅलेंडरवर तारखेखाली हात-वीत लिहून ठेवायचे. अभ्यासक्रमाला हवी होती तशी नोंद आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली होती. ती 'प्रोजेक्ट' असू शकते हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. या गोष्टीनं मला पुढे या विषयात ढकललं, असं म्हटलं तरी चालेल.

आता संशोधनाकडे.

आउटडोअर एज्युकेशनचा आजचा मुख्य प्रवाह कुर्ट हान या शिक्षकापासून सुरू होतो. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये तो जर्मनीतून ब्रिटनला आला. १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या अॅबरडोव्हीला 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा निघाली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी लवकर हार मानतात आणि वयस्क खलाशी तग धरतात, अशी तेव्हा चर्चा होती. म्हणून तरुणांना समुद्र आणि डोंगरावर घडवायचं. पुढे १९७६ मध्ये व्हिक्टर वॉल्श आणि जेराल्ड गॉलिन्स यांनी या पद्धतीची रीत कागदावर मांडली. शिकणारा माणूस अनोळखी भौतिक परिसरात न्यायचा, छोट्या अनोळखी गटात ठेवायचा, त्याला झेपतील पण कस लावतील अशी कामं द्यायची, त्यातून त्याची मनःस्थिती थोडी विस्कटते, तो ती सावरतो आणि 'मला जमतं' ही जाणीव घेऊन परततो. आजही बहुतेक शिबिरांचा, ट्रेकचा, अगदी कंपन्यांच्या टीम-बिल्डिंगचाही सांगाडा हाच असतो, करणाऱ्यांना माहीत असो वा नसो.

याचा उपयोग होतो का? १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी ९६ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. (करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळात खांब ९६ आणि विहिरीच्या पायऱ्याही ९६, त्यामुळे हा आकडा मी जन्मात विसरणार नाही.) सरासरी परिणाम निघाला ०.३४. याचा अर्थ सोपा करून सांगते. आत्मविश्वासाच्या क्रमाने शंभर मुलांची रांग लावली आणि बरोबर मधल्या, पन्नासाव्या मुलाला मोहिमेवर पाठवलं, तर परत आल्यावर त्याच जुन्या रांगेत तो साधारण ६३व्या जागी उभा राहील. बऱ्यापैकी वाढ आहे. त्याहून विशेष म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा परिणाम ओसरण्याऐवजी आणखी ०.१७ने वाढलेला दिसला. शिक्षणातल्या बहुतेक प्रयोगांचा असर पुढच्या परीक्षेपर्यंतही टिकत नाही, म्हणून या आकड्याचं इतकं कौतुक झालं.

पण याच लेखात पुढे जे आहे ते आपल्याकडच्या सेमिनारमध्ये कुणी वाचून दाखवत नाही. वीस दिवसांहून लांब मोहिमांचा परिणाम जास्त होता. वेगवेगळ्या मोहिमांच्या परिणामांत मोठी तफावत होती. आणि मोजमापाचा बराचसा भाग म्हणजे सहभागी झालेल्यांनी स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्या. एका चर्चासत्रात मी स्वतः ऐकलं आहे, ०.३४चा आकडा पडद्यावर दाखवून एक वक्ते एका दिवसाच्या धरणभेटीचं समर्थन करत होते. सकाळी सातला बस, दुपारी पुरीभाजी, संध्याकाळी सहाला परत. डोंगरावरच्या तीन आठवड्यांची पुण्याई पुरीभाजीच्या खात्यात जमा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोलात जाणारा आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ब्रूक्स यांनी २००३ मध्ये तो घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोहिमेवर मुलं धीट, समजूतदार, एकमेकांना सांभाळणारी होतात हे खरंच दिसतं. पण ते त्या प्रसंगामुळे दिसतं. आपण मात्र त्याचं श्रेय 'घडलेल्या चारित्र्या'ला देऊन मोकळे होतो. प्रसंग बदलला की वागणं बदलतं.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. वारीत अनोळखी माणसाला 'माउली' म्हणून वाकून नमस्कार करणारा, स्वतःच्या ताटातली भाकरी अर्धी देणारा माणूस गावाकडे परतला की बांधाच्या वीतभर जागेसाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचतोच की. म्हणून वारी खोटी ठरत नाही. त्या रस्त्यावर, त्या लोकांत, त्या दिवसांत तो तसा असतो. जागेचा आणि संगतीचा तो गुण आहे. तो खिशात घालून कुठेही नेता येईल असं धरून चालणं ही चूक.

ब्रूक्स यांची टीका मला पटते. पण केमच्या ओसरीवर बसून वॉल्श-गॉलिन्सचा सांगाडा पुन्हा वाचला, तेव्हा माझा स्वतःचा एक आक्षेप तयार झाला. तो त्या पहिल्याच पायरीवर आहे: अनोळखी भौतिक परिसर. कुणाला अनोळखी?

शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला डोंगर, अंधार, चूल, चिखल हे सगळं नवं. त्याच्यासाठी हा सिद्धान्त चालतो. माझी बहीण पहाटे शेळ्यांचं बघते, सुट्टीत कांदा काढायला जाते, पाण्याची पाळी रात्री असली की चुलत्यांबरोबर बॅटरी धरून उभी राहते. तिला तंबूत झोपवून काय आत्मविश्वास येणार? तिच्या बाबतीत अनोळखी परिसर कोणता असेल तर तो कॉलेज हाच. तिथली भाषा अनोळखी, तिथे बोलायची पद्धत अनोळखी, लायब्ररीत कार्ड कसं भरायचं तेही. घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी आहे ती. सिद्धान्तात सांगितलेली मनाची विस्कट ती रोज बसमधून उतरल्यावर अनुभवते, आणि सावरतेही. तिची मोहीम चालूच आहे, वीस दिवसांची नाही, तीन-चार वर्षांची. तिच्यासाठी खरं 'बाहेरचं शिक्षण' उलट्या दिशेने असायला हवं: कॉलेजात मिळालेली वही आणि प्रश्न घेऊन ओळखीच्या जमिनीवर परत येणं.

हे मी ट्रेकवर राग म्हणून म्हणत नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर असताना मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा सिंहगड चढले तेव्हा झालेला आनंद मला कुठल्याही प्रश्नावलीत भरता आला नसता. आनंदासाठी जरूर जावं. फक्त त्यालाच शिक्षणाचा नमुना ठरवून, त्याच मापाने सगळ्यांना मोजू नये.

शिवाय आपण दुसऱ्या कुणाचं तरी 'बाहेर' असतो, तेव्हा कसं वाटतं तेही गावाकडच्यांना विचारावं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला सुरू झाली. त्यामागच्या विचारमंथनात १९५९च्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीचाही वाटा होता. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. माझ्या लहानपणी अशी शिबिरं पाहिली आहेत. ट्रॅक्टरमधून टोप्या घातलेली पोरं यायची, देवळापुढचं पटांगण झाडायची, घोषणा द्यायची, शाळेत मुक्काम करायची. आम्ही कुंपणावर बसून बघायचो. एकदा त्यांनी ओढ्याच्या काठची 'झुडपं' साफ केली. ती माझ्या आजीची निरगुडी आणि अडुळसा होता. आजी काही बोलली नाही, चहा दिला त्यांना. पोरं वाईट नव्हती. कष्ट खरे होते, घाम खरा होता. पण 'हे काय आहे?' असं विचारायची वेळ वेळापत्रकात नव्हती, झाडायची होती. सात दिवस गावात राहून गावाला एकही प्रश्न न विचारता परत जाता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आता मुलींबद्दल, कारण संशोधनात हा भाग फारच वरवर येतो. बहिणीला मी म्हटलं, "चल, उद्या फिरून तुझा प्रोजेक्ट करू." काकू लगेच म्हणाल्या, "बाहेर कशाला फिरायचं? लोकं काय म्हणतील." गंमत बघा. हीच मुलगी आदल्या दिवशी सात-आठ तास रानात होती. ते 'बाहेर' नव्हतं. कामासाठी गेलं की ते घरच असतं, मग ते गावाबाहेर तीन किलोमीटरवर का असेना. स्वतःच्या कुतूहलासाठी, हातात खुरपं नसताना, वही घेऊन गेलं की ते बाहेर. आमच्याकडे बाहेरची हद्द भिंतीनं ठरत नाही, कारणानं ठरते. कॉलेजचा प्रकल्प मुलीला असं एक कारण देऊ शकतो. "सरांनी सांगितलंय" हे चार शब्दांपेक्षा कमी असलेलं वाक्य उंबरठ्यावर फार कामाला येतं. दुकानातून विकत आणलेल्या प्रकल्पात मार्क मिळतात, पण हे कारण वाया जातं. मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो.

ओळखीच्या जमिनीवर पाहण्यासारखं आहे तरी काय, असं कुणी म्हणेल. आमचा माळ घ्या. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं, आणि करमाळा तालुक्याचा भागही त्यात होता. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आमच्या घरांत 'माळढोक' हा शब्द पक्षी म्हणून आलाच नाही. तो जमिनीच्या व्यवहारांवरच्या निर्बंधांमुळे आला. पक्ष्यासाठी गवताळ माळ हवा, माणसांना तोच माळ विकायचा, नांगरायचा, आणि सरकारदप्तरी तो 'पडीक'. यात प्राणिशास्त्र आहे, कायदा आहे, अर्थशास्त्र आहे, आणि घराघरांतले सातबारे आहेत. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. तिन्ही वर्गांना वर्षभर पुरेल. ते शिकत असताना एकाही वर्गाला मी त्या माळावर गेलेलं पाहिलं नाही.

किंवा उजनी. उन्हाळ्यात सोलापूरच्या पेपरात बातमी येते, धरण 'उणे' अमुक टक्के. लहानपणी मला प्रश्न पडायचा, पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? उत्तर असं: धरणात एकूण साठतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं तळचं सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, आणि वरच्या ५३-५४ टीएमसीलाच उपयुक्त साठा धरून शंभर टक्के म्हणायचं. पाणी मृतसाठ्यात उतरलं की आकडा उणे होतो. म्हणजे उणे पन्नास टक्क्यांनाही धरणात ३६-३७ टीएमसी पाणी असतंच. नवव्या वर्गाचं गणित आहे हे. पण काठावर उभं राहून, पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं देऊळ वर आलेलं पाहत केलेलं गणित वेगळं असतं. 'मृत' हा शब्द कुणी ठरवला आणि ते पाणी कुणासाठी जिवंत आहे, हा पुढचा प्रश्न तिथेच सुचतो.

आणि हे केवळ कुतूहलाचं नाही. २१ मे २०२४च्या संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा माणसं गेली. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून लोक बोटीने जात. मे महिन्यातला दुपारनंतरचा वारा, उघड्या पाण्यावरची लाट, बोटीचा भार, हे भौतिकशास्त्र आणि भूगोल आमच्यासाठी जगण्या-मरण्याचा भाग आहे. ब्रूक्स यांनी पुढे शिबिरांतल्या आणि सहलींतल्या मृत्यूंवरच काम केलं, आणि तिथेही त्यांचा भर त्या त्या जागेच्या नेमक्या माहितीवर आहे. नेतृत्वगुणांच्या सर्वसाधारण गप्पांवर नाही. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेज सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून कॉलेजं बाहेर न्यायलाच बिचकतात. भीती समजू शकते. पण मुलं उजनीच्या काठावर राहतात, रोज. त्यांना वर्गात बसवून ठेवल्यानं पाणी उथळ होत नाही.

घराजवळून सुरुवात करणं म्हणजे कमी दर्जाचं संशोधन, असाही एक समज आहे. त्यावर माझं उत्तर नेहमी दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिताचा प्राध्यापक, पण १९५६ साली आलेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरच्या ग्रंथात हा माणूस प्राचीन समाजाबद्दल लिहिताना पुण्यातल्या आपल्या घराजवळच उतरलेल्या पारध्यांच्या वस्तीकडे बघतो. आसपासच्या टेकड्या पायी तुडवून सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारं गोळा करतो, वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या देवांची चौकशी करतो. रोज दिसणाऱ्या गोष्टीला 'हे इथे का?' असं विचारण्याची ती सवय होती. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असं नाही, पण पद्धत टिकते, आणि तिला लेटरहेड लागत नाही.

मग अडतं कुठे? शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतले बरेच जण तासिका तत्त्वावर आहेत. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. चाळीस मुलांना घेऊन दिवसभर माळावर गेलात तर तो किती तासांचा? बसचं भाडं कुणाचं? एखाद्याला साप चावला तर सही कुणाची होती? महाराष्ट्र सरकारच्या २० एप्रिल २०२३च्या निर्णयानं पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला क्रेडिट दिलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण क्रेडिट मुलांच्या खात्यात आलं आणि शिक्षकाच्या दिवसात त्यासाठी जागा आली नाही. मग जे मोजायला सोपं ते मागितलं जातं: शिक्का आणि फोटो. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे, नळदुर्गहून अलिबागला जाणाऱ्या मुलांचा. बहिणीला तो धडा आठवतो. वर्गात, पंख्याखाली बसून, प्रश्नोत्तरांसकट पाठ केला होता.

तर, आम्ही काय केलं ते सांगते. शेवटी ती कुंकवाच्या कारखान्यात गेली. 'कारखाना' म्हटलं तरी पत्र्याची मोठी शेड. तिची आई पूर्वी तिथे पॅकिंगला जायची, त्यामुळे कुणी अडवलं नाही. मी मुद्दाम बाहेरच थांबले, नाहीतर सगळे माझ्याशीच बोलले असते. दीड तासानं ती आली तेव्हा बोटं लाल आणि वहीची चार पानं भरलेली. पॅकिंगला सगळ्या बायका आणि दळणाला सगळे पुरुष, हे तिनं पहिल्यांदा 'पाहिलं', जरी लहानपणापासून बघत आली होती. हातावरचा रंग जायला किती दिवस लागतात हे तिनं पाच जणींना विचारलं, आणि पाच वेगळी उत्तरं आली. एका मावशींनी उलट विचारलं, "आमच्या कपाळाला लावायला मिळंना झालं, अन् दुसऱ्याच्या कपाळाचं आम्ही भरतोय, हे लिहिणार का तू?" त्या विधवा आहेत. बहिणीनं ते लिहिलं, आणि खाली कंसात लिहिलं, 'यावर काय म्हणायचं कळलं नाही.'

फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, हे मी वर सांगितलंच. मागे कोरा कागद जोडला.

लेटरहेडचा प्रश्न राहिला. कारखान्याकडे लेटरहेड नव्हतं. मालकांनी बिलबुकाचं एक पान फाडून त्यावर 'सदर विद्यार्थिनी येऊन गेली' असं लिहून सही केली आणि बिलावर मारतात तो शिक्का मारला. शिक्क्याभोवती कुंकवाचा अंगठा उमटला आहे. सरांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि "बघतो, वर विचारतो" म्हणाले. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काय झालं ते इथेच कळवीन.